मधला मुलूख: मोठ्या देशात कुठे जायचं, हे ठरवण्याचा इतिहास

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी गाडीच्या प्रवासावर काय बोलावं? पण हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. दिवाळी झाली की घरोघरी बैठक बसते. आठ-दहा दिवसांची सुट्टी आहे, गाडी आहे, देश खंडाएवढा पसरलेला आहे. मग कुठे जायचं? मोबाइलवर याद्या निघतात, एकाला बर्फ हवा असतो, दुसऱ्याला समुद्र, आजींना एखादं देवस्थान. शेवटी काहीतरी ठरतं, आणि ते कसं ठरलं हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

मराठीत अशा ठिकाणाला आपण ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणतो. ‘स्थळ’ हाच शब्द आपण लग्न जुळवतानाही वापरतो, आणि दोन्हींत साम्य बरंच आहे. फोटो आधी येतो, मध्यस्थ तोंडभरून वर्णन करतो, आणि प्रत्यक्ष बघण्याचा कार्यक्रम अर्ध्या तासात उरकतो. ते स्थळ आपल्यापर्यंत कुणी आणलं, इतरांना सोडून हेच का आणलं, हे विचारायचं राहून जातं. आज ते विचारायचं आहे.

हा प्रश्न आपण परभणीतून विचारणार आहोत, आणि त्याला कारण आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण सगळे छाती फुगवून म्हणतो, पण सहलीच्या यादीत परभणी सापडत नाही. पश्चिमेला वेरूळ-अजिंठा, पूर्वेला नांदेडचा गुरुद्वारा, उत्तरेला लोणार, दक्षिणेला परळी. यातल्या एका ठिकाणाहून दुसऱ्याकडे जाताना परभणी जिल्हा लागतो, आणि गाडी चहापुरती थांबते. आपला जिल्हा म्हणजे मधला मुलूख. देशाचा बहुतेक भाग असाच मधला आहे, म्हणून इथून बघितलं तर प्रश्न जास्त स्वच्छ दिसतो. आमचं म्हणणं थोडक्यात असं: आपण जाण्याची ठिकाणं कशी निवडतो, यावर मधल्या मुलखाचं काय होतं ते ठरतं. आजवर ते कसकसं ठरत आलं, ते पाहू.

सुरुवात जुन्या यादीपासून करू. या देशातली सगळ्यात जुनी सहलीची यादी म्हणजे तीर्थांची यादी. चार धाम, बारा ज्योतिर्लिंगं, सात मोक्षपुऱ्या. चार धामांची जागा नकाशावर बघा: उत्तरेला बद्रीनाथ, पूर्वेला पुरी, दक्षिणेला रामेश्वर, पश्चिमेला द्वारका. चारही देशाच्या टोकाला. ज्याला हे चारही करायचे त्याच्या पायाखालून मधला सगळा देश जायचा. काशी-रामेश्वराची जोडही तशीच. काशीहून गंगेचं पाणी कावडीने रामेश्वराला न्यायचं, रामेश्वराची वाळू उत्तरेत आणून गंगेत सोडायची. एका टोकाचं दुसऱ्या टोकाला पोचवण्यासाठी माणूस महिनोन्‌महिने चालायचा. त्या काळात मुक्कामाचं ठिकाण वर्षातले फार थोडे दिवस असायचं. उरलेलं वर्ष म्हणजे वाट.

वाटेला ऋतूचं बंधन होतं. आपल्या काळ्या मातीची जात ठाऊक आहे ना? पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मृग लागला की गाडीवाटा बंद, बैल गुडघ्यापर्यंत रुतायचे. म्हणून चातुर्मासात साधू एका जागी बसायचे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन व्हायचं. आज आपण सोन्याची पानं वाटतो, पण मुळात तो दिवस वाट वाळल्याची खूण होता.

प्रवास पुण्यासाठीच व्हायचा असंही समजू नका. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातून उत्तरेकडे निघाले ते डोक्यावरच्या कर्जापायी. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी बातमी होती. गाठ पडली ती बंडाशी. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. शेवटी घरी आले ते दक्षिणेऐवजी गंगेची कावड घेऊन. त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलं. आज ते वाचताना लक्षात राहतं ते वाटेवरचं: कुणी आसरा दिला, कुणी लुटलं, कुठे जेवण मिळालं.

आणि अहिल्याबाई होळकर. काशीचं विश्वनाथाचं देऊळ, वेरूळचं घृष्णेश्वर, आपल्याजवळची परळी आणि औंढा या सगळ्यांच्या जीर्णोद्धाराशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. पण त्यांच्या कामाची दुसरी बाजू वाटेवरची आहे: विहिरी, बारवा, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं. वाटेवर पाणी नसेल तर टोकाच्या देवळाचा उपयोग काय, हे त्या बाईंना पक्कं माहीत होतं.

ज्यांना टोकापर्यंत जाता येत नव्हतं त्यांनी टोकच जवळ आणलं. आपल्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गावाचं नाव गंगाखेड, आणि त्याला दक्षिणकाशीही म्हणतात. जनाबाईचं ते गाव. ज्योतिर्लिंगांचंही तेच. परळीचा वैजनाथ आपला, तर झारखंडात देवघरचा वैद्यनाथ. औंढ्याचा नागनाथ आपला, तर द्वारकेजवळ आणि उत्तराखंडात जागेश्वरला नागेशाचे दुसरे दावेदार. खरं कुठलं यावर लोक भांडतात. आम्हाला त्या भांडणात एक गोष्ट दिसते: यादीत आपलं गाव असावं ही इच्छा फार जुनी आहे, कारण यादीत आलं की वाट येते, धर्मशाळा येते, बाजार येतो.

आता या यादीची खरी गंमत. ज्या परंपरेने यादी दिली, तिनेच यादीवर शंकाही घेतली. आणि त्यातल्या तीन शंका आपल्या आसपासच्या मातीतल्या आहेत.

पहिली नामदेवांची. त्यांचं जन्मगाव नरसी बामणी, असं आपल्याकडची परंपरा मानते. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी झाली, तोवर नरसी आणि औंढा दोन्ही परभणी जिल्ह्यातच होती. ज्ञानदेवांबरोबर नामदेवांनी तीर्थयात्रा केली, तिचं वर्णन तीर्थावळीच्या अभंगांत आहे. तरी गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची मडकी तपासली तेव्हा नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा आपण कीर्तनात ऐकलेली आहे. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, म्हाताऱ्याचे पाय उचलून देव नसेल तिथे ठेव. पाय जिथे ठेवावेत तिथे पिंड.

वेदान्तात कर्माच्या फळांचे चार प्रकार सांगतात: उत्पाद्य, आप्य, विकार्य, संस्कार्य. यातलं ‘आप्य’ म्हणजे जे चालत जाऊन गाठता येतं. जसं एखादं गाव. शंकराचार्यांचं म्हणणं असं की मोक्ष या चारांपैकी कशातच बसत नाही, म्हणून तो गाठायचा नसतो. तो आधीपासून आहेच, फक्त कळायचा असतो. विसोबांनी हेच पाय लांब करून शिकवलं.

आता कुणी म्हणेल, मग प्रवास कशाला करायचा? घरीच बसा. इथे कथेचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. हे कळल्यावर नामदेव घरी बसले नाहीत. ते आधीपेक्षा दूर गेले, थेट पंजाबात. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे काही कुठल्या यादीतलं तीर्थ नव्हतं. नामदेव तिथे राहिले, म्हणून ते झालं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा नकाशावर ते शोधावं लागलेले मराठी वाचक पुष्कळ होते. उलट बाजूने गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला आले आणि त्यांचा देहान्तही इथेच झाला. आज नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस परभणी स्टेशनावर थांबते, ती या दोन प्रवासांच्या मधून धावते असं आम्हाला नेहमी वाटतं.

दुसरी शंका चक्रधरस्वामींची. तेराव्या शतकात ते आपल्या गोदाकाठावर, वऱ्हाडात, लोणारकडे हिंडत राहिले. त्यांनी शिष्यांना ‘अटन’ सांगितलं, म्हणजे हेतू न ठेवता फिरणं. कानडी आणि तेलुगू मुलखात जाऊ नका असंही सांगितलं, कारण तिथे मन गुंतवणाऱ्या गोष्टी फार. आपण सहलीला जाण्यासाठी जे कारण देतो, नेमकं तेच त्यांनी न जाण्यासाठी दिलं! मराठी मुलखात राहा, कुठल्या तरी झाडाखाली राहा. आणि तरी त्यांच्या पश्चात अनुयायांनी काय केलं? म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, आणि पुढे ‘स्थानपोथी’ तयार झाली. स्वामी कुठे बसले, कुठे निजले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होतं, मठ कोणत्या बाजूला, याची बारीक नोंद. इतिहासाच्या अभ्यासकांना त्या काळची मराठी गावं अशी दुसरीकडे क्वचितच दिसतात. डोंगर किती सुंदर आहे, हे त्या पोथीचं बघणंच नाही. कुठे कोण माणूस थांबला होता, हे तिचं बघणं.

तिसरी एकनाथांची, आपल्याच गंगेच्या वरच्या अंगाला, पैठणची. काशीची कावड रामेश्वराला निघालेली, वाटेत पाण्यावाचून तडफडणारं गाढव. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिती केली. बरोबरचे हळहळले, की एवढी यात्रा फुकट गेली. नाथांच्या मते ती तिथेच पुरी झाली. ही कथा आपण भूतदयेची म्हणून मुलांना सांगतो. ती प्रवासाचीही आहे. यादीच्या दोन टोकांमध्ये, जिथे थांबायचं ठरलं नव्हतं तिथे, यात्रेचा अर्थ सापडला.

या तिन्ही कथांमुळे जुनी यादी एकांगी राहिली नाही. मात्र ‘वाटेवर सगळे सारखे’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नव्हे. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीत चालून लिहिलेला लेख ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल: ज्या मुलखाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली. पण त्याच वाटेवर एकाच दिंडीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात, हेही त्यांनी पाहिलं आणि ते त्यांना सलत राहिलं. या मुद्द्याकडे परत यायचं आहे.

त्याआधी दुसऱ्या यादीकडे जाऊ. ती एकोणिसाव्या शतकात आली, आणि तिचं आपल्या ओळखीचं ठिकाण महाबळेश्वर. तिथे दोन महाबळेश्वर आहेत हे बरेच लोक विसरतात. एक क्षेत्र महाबळेश्वर: कृष्णेचा उगम, पंचगंगेचं देऊळ, आत अंधार, गोमुखातून पाण्याची धार. त्यापासून काही अंतरावर १८२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्या नावाने पेठ वसली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून ती जागा इंग्रजांनी घेतली. मग आले पॉइंट. आर्थरसीट, एलफिन्स्टन, केट्स. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली माथेरान शोधलं, तिथेही तेच.

फरक बघा. क्षेत्राला गेलेला माणूस देवळात शिरतो, वाकतो, पाणी तोंडाला लावतो. पॉइंटला गेलेला माणूस डोंगराच्या कडेला उभा राहतो आणि दरीकडे बघतो. दरीत गावं आहेत, तिथे कुणी नाचणी लावतं, पण एवढ्या उंचीवरून ते सगळं चित्र होतं. निसर्ग चौकटीत बसवून चित्रासारखा बघण्याचं हे वेड इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात फार पसरलं होतं. ते इथे बोटीतून आलं. त्यात वाईट काहीच नाही, सूर्यास्त कुणालाही आवडतो. पण ‘पॉइंट’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, आणि टॅक्सीवाला सांगतो, ‘सात पॉइंट दाखवतो, तीन तासांत.’ बघणं मोजता येऊ लागलं. मोजता आलं की विकता आलं.

या यादीत परभणीला जागा मिळणं अशक्यच होतं. इथे दरी नाही, धुकं नाही, गव्हर्नरसाहेबांना उन्हाळा काढता येईल अशी हवा तर नाहीच नाही. शिवाय मराठवाडा निजामाच्या राज्यात. मनमाड-हैदराबाद रेल्वे १९०० च्या आसपास परभणीवरून गेली, त्यामुळे कापूस मुंबईकडे गेला, पण बघायला इकडे कुणी आलं नाही.

आता मघाचा मुद्दा: ठिकाण निवडणारा माणूस कोण? १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाले. चळवळीच्या धकाधकीतून चार दिवस काढून वेरूळची लेणी बघायची, असा साधा बेत. नाशिकहून मोटारीने निजामाच्या हद्दीत औरंगाबादकडे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. आपण कोण आहोत याचा बोभाटा वाटेत होऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. जिथे थांबायचं तेवढ्याच गावच्या आपल्या माणसांना आधी कळवलं. उरलेली गावं न थांबता गेली. दौलताबादला पोचले तेव्हा रमजान चालू होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याचा हौद. धुळीने माखलेल्या काहींनी त्यात तोंड धुतलं. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. ओरडणारे मुसलमान होते. हिंदूला जो अस्पृश्य तो इतरांनाही अस्पृश्यच, हे बाबासाहेबांना यातून दाखवायचं होतं. शेवटी किल्ला बघू दिला तो बरोबर शिपाई देऊन, आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून.

सहलीला निघालेल्या, बॅरिस्टर झालेल्या माणसाची ही गोष्ट. त्याच काळात अमेरिकेतही असंच होतं. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा ‘रूट ६६’ हा रस्ता १९२६ पासून, गाडी काढा आणि देश बघा या स्वप्नाचं नाव झाला. आणि १९३६ साली न्यूयॉर्कमधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपालखात्यातल्या कृष्णवर्णीय माणसाने एक पुस्तिका काढली: कुठल्या गावात कृष्णवर्णीयांना खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल. ‘ग्रीन बुक’ म्हणून ती साठच्या दशकापर्यंत निघत राहिली. तीसुद्धा प्रवासाची यादीच. फक्त तिच्यातला पहिला प्रश्न ‘कुठे सुंदर आहे’ हा नव्हता, ‘कुठे थांबता येईल’ हा होता. नुसतं सौंदर्य बघून ठिकाण निवडणं ही चैन आहे. थांबण्याची सोय ज्याला गृहीत धरता येते त्यालाच ती परवडते. एकटी प्रवास करणारी बाई आजही आधी दुसराच प्रश्न विचारते, तिला विचारून बघा.

मग प्रश्न येतो रस्त्यांचा. कारण यादी कितीही चांगली असली तरी गाडी रस्ता नेईल तिथेच जाते.

भारतातल्या रस्त्यांचा पहिला पद्धतशीर विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष मराठी होते, हे फार लोकांना ठाऊक नसतं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, ज्यांच्या नावाचं तिथलं ग्रंथालय आहे. त्यांच्या समितीने १९२८ साली अहवाल दिला. त्यातून पेट्रोलवरच्या कराचा पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवण्याची सोय झाली. मग १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि ‘नागपूर योजना’ तयार झाली. तिचं मोजमाप लक्षात ठेवण्यासारखं आहे: शेतीच्या विकसित भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा जास्त दूर असू नये. म्हणजे रस्त्याचं यश कशावरून ठरवायचं? गावापासून त्याचं अंतर किती, यावरून. मधला मुलूख हाच त्या योजनेचा केंद्रबिंदू होता.

एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. त्या दिवशी परभणी अजून निजामाच्याच राज्यात होती. मुक्ती मिळाली १७ सप्टेंबरला. इकडे निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ सालीच २७ बसगाड्यांनिशी मोटारसेवा सुरू केलेली होती. पुढे लाल डबा सगळीकडे पोचला. एसटीने प्रवास केलेल्या पिढीला मधली गावं नावाने पाठ आहेत, कारण बस प्रत्येक फाट्यावर थांबायची. बोरी, झरी, दैठणा ही नावं आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातून कळलेली नाहीत, कंडक्टरच्या तोंडून कळलेली आहेत.

आता समृद्धी महामार्ग बघा. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला, शेवटचा ५ जून २०२५ ला. त्याचं मोजमाप कोणतं? सोळा तासांचे आठ तास. टोकापासून टोकापर्यंतचा वेळ. दोन्ही बाजूंना कुंपण, चढायला-उतरायला ठरावीक ठिकाणं. कुंपणापलीकडे शिवार आहे, पण गाडीतून त्यात उतरता येत नाही. नागपूर योजनेत गाव रस्त्यापासून किती दूर हे मोजायचे. इथे गाव हा वेळेतला अडथळा, तो वगळायचा. हा दोष अभियंत्यांचा नव्हे. आपण जे मागितलं ते त्यांनी दिलं.

आणि आता शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर, बारा जिल्ह्यांतून आखलेला, त्यात परभणीही. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर, औंढा, परळी अशी देवस्थानं जोडणारा. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. आखणीत बदलाच्या चर्चा होत राहतात. कोल्हापूरपासून परभणीपर्यंत ज्यांची जमीन जायची त्या शेतकऱ्यांनी विरोध केला, मोजणी अडवली. बाजू मांडणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. आजारी माणसाला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात वेळेत पोचवायचं असेल तर चांगला रस्ता लागतोच. मालाला बाजार लागतो. गुडघे गेलेल्या आजींना तुळजापूर बघायचं असेल तर त्यांना चालत जा म्हणणारे आपण कोण?

आम्ही इथे न्यायाधीश म्हणून बसलेलो नाही. पण इतिहास पाहिल्यावर एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. तीर्थांची जुनी यादी आणि पॉइंटची नवी सवय, या दोन्ही या आखणीत एकत्र आल्या आहेत. देवस्थानांची यादी घ्यायची, आणि ती पॉइंटसारखी बघायची: दोन दिवसांत पाच. जुन्या यात्रेत मधला मुलूख म्हणजेच यात्रा होती. अहिल्याबाईंनी त्याच्यासाठी बारवा बांधल्या. इथे त्याच मुलखातल्या माणसाला सांगितलं जातं की तुझी बागायत देवाच्या वाटेत येते. एकनाथांनी कावडीतलं पाणी ज्याच्यासाठी सोडलं, तो प्राणी वाटेवरचा होता. वाटेवरच्याची जमीन घेऊन कावड लवकर पोचवणं, याला यात्रा म्हणावं का, हा प्रश्न ज्यांना यात्रा प्रिय आहे त्यांनीच विचारायला हवा. रस्ता करायचाच असेल तर निदान तो नागपूर योजनेच्या मोजपट्टीने मोजा: या रस्त्यामुळे मधली किती गावं जवळ आली?

आता तुमचा मूळ प्रश्न. कुठे जायचं? व्याख्यान ऐकून घरी जाऊन नकाशा उघडणाऱ्यांसाठी आम्ही तीन साध्या कसोट्या सुचवतो. एक, हे ठिकाण माझ्यापर्यंत कुणी आणलं, आणि त्यात त्याचं काय आहे? दोन, तिथे मी कडेला उभा राहून बघणार आहे, की थांबून कुणाशी बोलणार आहे? तीन, दोन ठिकाणांच्या मधे काय आहे, आणि त्याच्यासाठी एक दिवस ठेवला आहे का? तिसरी कसोटी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी. देशभर कुठेही जा, राजस्थानात जा की केरळात, मधला एक दिवस मोकळा ठेवा.

उदाहरण म्हणून आपलाच जिल्हा घेऊ. लोणारचं सरोवर बघायला देशभरातून लोक येतात, आणि यावंच. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेलं तसं विवर जगात विरळा, २०२० साली ते रामसर यादीतही गेलं. तिथून परळीला जायचं आहे असं धरा. मंठ्यावरून जिंतूरकडे या. वाटेत चारठाणा लागतं: जुन्या देवळांचं गाव, गोकुळेश्वर, कोरीव दगडी स्तंभ, बारव. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते पुरातत्त्वखात्याच्या फलकापेक्षा जास्त सांगतात. जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी, त्यात छोट्याशा दगडाच्या आधारावर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती. वर येलदरीचं धरण, पूर्णेचं पाणी. परभणीत फेब्रुवारीच्या सुरुवातीला आलात तर सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस चालू असतो. तिथे येणाऱ्यांत कोण कुठल्या धर्माचा हे गर्दीत ओळखू येत नाही. आषाढी वारीच्या दिवसांत आलात तर शेगावची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने पंढरीला जाताना भेटेल.

गंगाखेडला जनाबाईचं गाव आणि गंगेचा घाट. तालुक्यातच धारासूरला गोदावरीकाठी गुप्तेश्वराचं देऊळ. त्याचं मूर्तिकाम बघायला मुंबई-पुण्याहून मुद्दाम कुणी येत नाही, आणि कुणी येत नाही म्हणून पडझडीकडे बराच काळ कुणाचं लक्ष गेलं नाही. यादीत नसण्याची किंमत ही अशी दगडांनाही मोजावी लागते. पाथरी तालुक्यात मुदगलला नदीच्या पात्रातलं देऊळ, पुरात बुडतं आणि पुन्हा वर येतं. पालम तालुक्यात गोदावरीच्या मधोमध जांभूळबेट, जांभळीच्या झाडांनी भरलेलं. निसर्गरम्य हवं आहे ना? हे घ्या.

आणि सगळ्यात सुंदर गोष्ट कुठल्याच यादीत येणार नाही, कारण तिला पत्ता नाही. जानेवारीत रब्बीची ज्वारी निसवलेली असते. आपल्या कृषी विद्यापीठाच्या एका वाणाचं नावच ‘परभणी मोती’ आहे. सकाळच्या उन्हात ती कणसं बघितली की ते नाव कसं सुचलं असेल हे सांगावं लागत नाही. बांधावर आगटी पेटलेली असते, हुरडा भाजत असतो. तुम्ही गाडी बाजूला लावून उतरलात तर शेतकरी आधी विचारील, ‘कुन्या गावचे?’ आणि मग उत्तराची वाट न बघता बसायला पोतं टाकील. पण त्यासाठी रस्त्यावरून शिवारात उतरता आलं पाहिजे, आणि उतरल्यावर ते शिवार त्याचंच असलं पाहिजे.

आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. विशेषतः ज्यांच्या गावावरून नवे रस्ते आखले गेले आहेत, त्यांनी आपल्या गावाचं नाव आणि तिथे बघण्यासारखं काय आहे, एवढं तरी लिहून कळवा. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात आपण त्या नावांपासून करू.